जुना लाकडी प्लेट कॅमेरा पुन्हा वापरात आणताना: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजोबांचा लाकडी कॅमेरा माळ्यावर सापडला, त्यातून अजून फोटो निघेल का, हा प्रश्न फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा अशा सगळीकडून येतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत उत्तर ‘निघेल’ असंच असतं. पुढे भिंग, मागे फिल्म आणि मधे अंधार, एवढाच हा कॅमेरा. बिघडण्यासारखं त्यात थोडंच असतं, आणि जे बिघडतं ते गावातले कारागीर दुरुस्त करू शकतात. खालच्या सगळ्या उत्तरांत आग्रह एकच आहे: मूळ कॅमेरा कापू नका, त्याला नवी भोकं पाडू नका. जे नवं लागेल ते वेगळा जोडभाग म्हणून बनवा. उद्या तो काढून ठेवला की कॅमेरा होता तसाच राहिला पाहिजे.

आमच्याकडचा कॅमेरा नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

आधी मागची दुधी काच (जिच्यावर चित्र पाहून फोकस करतात) किंवा प्लेट, म्हणजे फिल्मच्या जागी वापरायची रसायन लावलेली काच, ठेवायची लाकडी पेटी मोजा. कंपनीचं नाव नंतरही शोधता येतं. पावणेपाच बाय साडेसहा इंच भरलं तर हाफ प्लेट, साडेसहा बाय साडेआठ म्हणजे फुल प्लेट, सव्वातीन बाय सव्वाचार म्हणजे क्वार्टर प्लेट. ही इंग्रजी मापं. इंचात काही जुळत नसेल आणि सेंटिमीटरमध्ये ९ × १२, १३ × १८ किंवा १८ × २४ येत असेल, तर कॅमेरा बहुधा जर्मनी किंवा फ्रान्सकडचा.

गोव्यात दोन्ही सापडू शकतात. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, पण इंग्रजी मालाची मुंबई हाकेच्या अंतरावर होती. नोव्हा गोवा म्हणजे आजच्या पणजीत सोझा अँड पॉल हा स्टुडिओ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करत होता. तिकडे झांझिबारमध्ये ए. सी. गोम्स यांच्यासारख्या गोवेकरांनी स्टुडिओ चालवले. त्यामुळे आफ्रिकेहून परतलेल्या एखाद्या ट्रंकेत कॅमेरा निघाला तर नवल नाही.

पुढच्या फळीवर किंवा तळाशी छोटी पट्टी असते. तिच्यावर थॉर्नटन-पिकार्ड, सँडरसन, लँकेस्टर अशी इंग्रजी नावं दिसतील. सागवानी लाकूड, सांध्यांवर जादा पितळी पट्ट्या आणि लालसर चामड्याचा भाता (भिंग आणि मागची बाजू यांच्यामधला, घड्यांनी लांब-आखूड होणारा भाग) असेल, तर तो उष्ण प्रदेशांसाठी मुद्दाम बनवलेला ‘ट्रॉपिकल’ प्रकार असू शकतो. आपल्याकडचा मोठा अपवाद म्हणजे केरळातल्या आलप्पुळाचा वागीश्वरी. के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात तो बनवायला घेतला आणि पुढे भारतभरच्या स्टुडिओंत तो पोचला. तो मिळाला असेल तर ‘भारतीय आहे, म्हणजे कमी दर्जाचा’ असं कृपा करून समजू नका.

काम सुरू कुठून करू?

फोटो काढण्यापासून. म्हणजे कॅमेऱ्याचे सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक बिजागरीचे आणि प्रत्येक पेचाचेही. जुने पेच हाताने बसवलेले असतात, एका भोकातला दुसऱ्यात नीट बसेलच असं नाही. कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून काढलेला पेच त्याच जागी टोचून ठेवावा. पेचाची खाच नेमकी भरेल असा स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल पात्याने खाच फाटते आणि मग पितळी पेच बाहेर येत नाही.

त्यानंतरचा क्रम माझ्या मते ठरलेला आहे: आधी भाता, मग मागची बाजू आणि दुधी काच, मग भिंग, आणि सगळ्यात शेवटी पॉलिश. लोक उलटं करतात. चकाकणारा कॅमेरा दिवाणखान्यात बसतो आणि त्यातून फोटो कधीच निघत नाही.

पितळ पितांबरीने किंवा चिंचेने घासलं तर चालेल का?

नको. देवाची समई आणि कॅमेऱ्याचं पितळ यांत फरक आहे. कॅमेऱ्याच्या पितळेवर कारखान्यात लाखेचा पातळ थर दिलेला असतो आणि त्याचा सोनेरी रंग बराचसा त्यातूनच येतो. पावडरीने तो थर निघतो. मग आपल्या खाऱ्या हवेत पितळ पुन्हा लवकर काळवंडतं. चिंच, आमसूल, लिंबू यांचं आम्ल सांध्यात उतरलं तर लाकडावर हिरवे डाग पडतात. मऊ सुती फडकं, किंचित मेण आणि धीर, एवढं पुरतं. भिंगाच्या नळीवरची कोरलेली अक्षरं तर अजिबात घासू नयेत, कॅमेऱ्याची ओळख तिथेच असते.

लाकडाचे सांधे सुटलेत, किडीची भोकंही आहेत. काय करावं?

सांधे सुटणं ही चांगली बातमी आहे. त्या काळी जोडकाम सरसाने व्हायचं. सरस ओल आणि उष्णता लागली की मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो. जुना सरस कोमट ओल्या फडक्याने पुसून नवा सरस लावावा. इपॉक्सी लावू नका. तुमच्यानंतर कुणाला तो सांधा उघडायचा झाला तर लाकूडच फुटेल.

किडीच्या भोकांतून ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. भिंग आणि काच काढून घ्या, लाकडी भाग प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर तो भाग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर लाकडावर दव धरतं. वस्तुसंग्रहालयांत हीच पद्धत वापरतात आणि तिच्यात विषारी औषध लागत नाही.

पॉलिश बहुतेक वेळा लाखेचं, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेलं असतं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहा. तो भाग चिकट झाला तर लाखच आहे. मग नवा थरही लाखेचाच द्यावा, पॉलियुरेथेन नको. हे काम दिवाळीपासून शिगम्यापर्यंतच करा. पावसाळी हवेत ओल्या लाखेवर पांढुरका धूर धरतो. घरचं फर्निचर पॉलिश करणारा जुना मेस्त (सुतार) मिळाला तर त्याला ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागणार नाही.

भात्याला भोकं आहेत. तोच दुरुस्त होईल की नवा करावा लागेल?

रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, भाता पूर्ण ताणा, आत छोटा टॉर्च ठेवा आणि डोळे सरावेपर्यंत थांबा. घड्यांच्या कोपऱ्यांवर ताऱ्यांसारखे ठिपके दिसतील. पाच-दहा ठिपके असतील तर तोच भाता वाचतो. कापडावर रंगवायचा काळा रंग आणि थोडा पांढरा फेव्हिकॉल एकत्र करून बारीक ब्रशने आतून दोन पातळ थर द्यावेत, आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत भाता ताणलेलाच ठेवावा. इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावू नका. इथल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून घड्या एकमेकींना चिकटतात.

चामडं हाताला भुकटी लावत असेल किंवा घडीवर सरळ चिरत असेल तर नवा भाताच करावा लागतो. तो परदेशातून मागवता येतो, पण माझा सल्ला आहे की आधी जवळच्या पेटीदुरुस्ती करणाऱ्याला भेटा. भजन आणि नाट्यसंगीत गावोगाव जिवंत असलेल्या गोव्यात हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागत नाही. घडी पुन्हा पुन्हा उघडमिट होऊनही फाटू नये म्हणून कापड कसं घ्यायचं, पातळ चामड्याची पट्टी कशी चिकटवायची, हे त्याच्या बोटांत असतं. कॅमेऱ्याच्या भात्याला हवा धरायची नसते, उजेड अडवायचा असतो, एवढं त्याला समजावून सांगा.

जुना भाता फेकू नका, तोच नमुना आहे. फ्रेमपासून तो हळूच सोडवा, एका सांध्यावर उघडून सपाट पसरा आणि घडीची प्रत्येक रेघ कागदावर उतरवा. तीन थर लागतात. आत पातळ काळं सुती कापड, त्यावर पाव मिलिमीटर जाडीच्या कार्डाच्या पट्ट्या, आणि बाहेरून पातळ चामडं किंवा उजेड पूर्ण अडवणारं पडद्याचं कापड. पट्ट्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर फट सोडायची, घडी तिथेच पडते. कोपऱ्यावर पट्ट्यांची टोकं तिरपी कापायची, आणि एका बाजूची घडी बाहेर असेल तिथे शेजारच्या बाजूची आत जाईल अशी आलटून पालटून मांडणी ठेवायची. इथे चूक झाली तर भाता मिटतच नाही. म्हणून आधी साध्या जाड कागदाचा एक पूर्ण भाता करून पाहावा. चामडं घेतलंत तर शेळीचं, बुटांच्या अस्तराचं, आणि कडा चांभाराकडून रापीने आणखी पातळ करून घ्या. चिकटवायला रबरी सोल्यूशन चांगलं, ते सुकल्यावरही लवचीक राहतं. सांधा नेहमी खालच्या बाजूला ठेवावा.

पहिल्यांदा घडी घालताना घाई करू नका. एका टोकापासून दोन-दोन घड्या चिमटीत दाबत जायचं, पूर्ण मिटल्यावर वर जड पुस्तक ठेवून रात्रभर सोडायचं.

भिंगाला बुरशी लागली आहे. ते गेलं का?

लगेच निकाल देऊ नका. भिंगाची पुढची-मागची जोडी नळीतून आट्यांवर सुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंगाचा कागद यांनी मधूनबाहेर हलक्या हाताने पुसा. ताजी बुरशी निघते. जाळ्यासारखी नक्षी राहिली तर बुरशीने काच खाल्ली आहे, ती परत येत नाही. तरी फोटो चांगला येऊ शकतो, फक्त काळे-पांढरे थोडे सौम्य होतात. कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग दिसत असतील तर दोन काचा जोडणारा कॅनडा बाल्सम सुटतो आहे. कडेपुरतं असेल तर सोडून द्या.

या भिंगांवर कोटिंग नसतं, त्यामुळे बाजूने येणारं ऊन फोटो धुवट करतं. काळ्या कागदाची एक नळी पुढे लावली की केवढा फरक पडतो, ते पाहाच.

भिंगावर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे आहेत. हे एफ नंबर आहेत का?

एफ नंबर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं आहे ते सांगणारा आकडा; आकडा मोठा तितकं तोंड लहान. तुमचे आकडे बहुधा ते नाहीत. हे जुन्या ‘युनिफॉर्म सिस्टिम’चे आकडे असावेत. त्यातला प्रत्येक पुढचा आकडा उजेड निम्मा करतो. आजच्या भाषेत ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ म्हणजे एफ/१६, ३२ म्हणजे एफ/२२ आणि ६४ म्हणजे एफ/३२. दोन्ही पद्धती फक्त १६ वर जुळतात. १८६६ मध्ये आलेल्या रॅपिड रेक्टिलिनियर जातीच्या भिंगांवर हे आकडे वारंवार दिसतात. अशा भिंगाचं सर्वांत मोठं तोंड साधारण एफ/८ असतं, त्यावरूनही खात्री होते. नळीत नुसती चीर असेल आणि आकड्यांची कडी नसेल, तर त्यात भोकाच्या पट्ट्या सरकवायच्या असतात. जाड काळ्या कार्डाच्या पट्ट्या तुम्ही स्वतः कापू शकता: भिंगाची फोकल लांबी (दूरची वस्तू स्पष्ट दिसताना भिंगापासून दुधी काचेपर्यंतचं अंतर) भागिले हवा तो एफ नंबर, हा भोकाचा व्यास. २०० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/१६ साठी साडेबारा मिलिमीटर. भिंगाच्या पुढच्या काचेमुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण सुरुवातीला एवढं पुरे.

शटर नाही. मग?

झाकण आहे ना! कमी संवेदनशील फिल्म आणि लहान तोंड घेतलं की भिंग उघडं ठेवायचा वेळ सेकंदात मोजता येतो. झाकण आधी भिंगासमोरच जरा पुढे धरायचं, कॅमेऱ्याचा थरथराट थांबला की बाजूला करायचं, आणि मोजून परत लावायचं.

पुढे लाकडी डबीसारखं, दोरी ओढून चालणारं थॉर्नटन-पिकार्डचं पडदा-शटर असेल तर ते नक्की दुरुस्त करून घ्या. आतला रबरी कापडाचा पडदा कडक झालेला असतो, तो बदलला की यंत्र चालतं. त्याचे वेग साधारण १/१५ ते १/९० सेकंद. खरा वेग मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मोजता येतो: १६ फ्रेम उघडं दिसलं तर १/१५, चार फ्रेम दिसलं तर १/६०.

प्लेटचे होल्डर (प्लेट अंधारात ठेवून कॅमेऱ्यात सरकवायच्या पेट्या) हरवलेत, आणि काचेच्या प्लेटही आता मिळत नाहीत. कॅमेरा आजच्या फिल्मसाठी कसा बदलायचा?

सगळ्यात जास्त कॅमेरे इथेच खराब होतात. कुणीतरी मागची चौकट करवतीने कापतं, आजचा होल्डर कसाबसा बसवतं, आणि शंभर वर्षांची चौकट कायमची जाते.

मूळ होल्डर एक जरी शिल्लक असेल तरी काम फार सोपं आहे. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या जुन्या होल्डरमध्ये मागची स्प्रिंग प्लेटला पुढच्या खाचेवर दाबते. म्हणजे उजेड झेलणारी बाजू कुठे यायची, ते पुढच्या खाचेने ठरवलेलं आहे. प्लेटच्या मापाचा दीड मिलिमीटर जाडीचा अॅक्रिलिकचा तुकडा कापा, त्याच्यापुढे त्याच मापाची फिल्म ठेवा, दोन्ही मिळून होल्डरमध्ये घाला. फिल्म बरोबर जुन्या प्लेटच्या जागी येते आणि कॅमेऱ्यातली एक खिळीही हलत नाही. होल्डरच्या सरकत्या झाकणाशी असलेलं मखमल झिजलेलं असतं, ते तेवढं नवं लावा.

होल्डर एकही नसेल तर ४ × ५ इंची फिल्मचे आजचे होल्डर वापरण्यासाठी नवी पाठ बनवावी. हाफ प्लेट कॅमेऱ्यावर ती छान बसते. मूळ पाठ काढून कपड्यात गुंडाळून ठेवा. तिच्याच बाहेरच्या मापाची, त्याच खाचांत आणि त्याच कड्यांत अडकणारी नवी चौकट मेस्ताकडून करून घ्या, आणि तिच्यावर ४ × ५ ची स्प्रिंगवाली पाठ बसवा. अशी जुनी पाठ सुटी विकत मिळते. लाकूड ताजं नको. पाडलेल्या घराच्या दाराच्या चौकटीतलं मुरलेलं सागवान सर्वांत चांगलं. शिवणही चालतं, ते कमी वळतं म्हणून वाद्यांना वापरतात. मेस्ताला माप तोंडी सांगू नका, मूळ पाठ हातात द्या.

आता एक माप जिवापाड सांभाळायचं. प्रमाणित ४ × ५ होल्डरमध्ये बैठकीपासून (होल्डर पाठीला टेकतो त्या पृष्ठभागापासून) फिल्मच्या मागच्या पत्र्यापर्यंत ५ मिलिमीटर खोली असते. फिल्मची जाडी वजा केली तर फिल्मचा पुढचा पृष्ठभाग सुमारे ४.८ मिलिमीटरवर येतो. दुधी काचेची खरखरीत बाजूसुद्धा बैठकीपासून तेवढ्याच अंतरावर हवी. व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या काडीने चारही कोपऱ्यांत मोजा. एफ/८ ला साधारण पाऊण मिलिमीटरची चूक खपते, त्यापुढे फोकस कितीही जपून केला तरी फोटो धूसर येतो. ५ × ७ आणि ८ × १० होल्डरची खोली वेगळी असते, तिथे ५ मिलिमीटरचा आकडा वापरू नका.

दुधी काच फुटली आहे.

घरी होते. दोन मिलिमीटरची साधी काच मापाने कापून घ्या, त्यावर ४०० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाका, दुसऱ्या लहान काचेने गोल गोल घासत राहा. नंतर ६०० नंबरने घासा. भुकटी ओलीच राहिली पाहिजे, नाकात जाता कामा नये. बसवताना खरखरीत बाजू भिंगाकडे. दुकानातली बाथरूमच्या खिडकीची दुधी काच फार भरड असते, तिच्यावर बारीक फोकस कळत नाही.

फिल्म कोणती वापरू? ती मिळते का?

४ × ५ ची कृष्णधवल फिल्म आजही बनते आणि ऑनलाइन मिळते. हाफ प्लेटसारख्या जुन्या मापांसाठी इल्फोर्ड वर्षातून एकदा मागणी घेऊन खास कापून देते. पण शिकताना इतका खर्च करू नका.

पहिले काही फोटो फोटोग्राफीच्या कागदावरच काढा. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तो मापाने कापता येतो आणि डेव्हलप होताना डोळ्यांसमोर दिसतो. त्याची संवेदनशीलता साधारण आयएसओ ६ धरा. कडक उन्हात एफ/३२ ला सुमारे पाऊण सेकंद येतो, एफ/४५ ला सव्वा-दीड सेकंद. झाकणाने मोजायला हेच सोयीचं. कागदाला कॉन्ट्रास्ट जास्त असतो, म्हणून भर दुपारपेक्षा ढगाळ हवा चांगली. जूनमधला गोवा यासाठी उत्तम!

नंतर एक्स-रे फिल्म. वैद्यकीय सामानाच्या दुकानात हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेली, ओल्या डेव्हलपिंगची फिल्म मागा. छापण्याची ‘ड्राय’ फिल्म घेतलीत तर तिच्यावर कॅमेऱ्याने काहीच उमटणार नाही. ८ × १० इंचाच्या एका शीटमधून ४ × ५ चे चार तुकडे होतात. बाहेरच्या उजेडात संवेदनशीलता ५० ते १०० धरून तपासा. दोन्ही बाजूंना रसायन असल्यामुळे ती सहज ओरखडते. सपाट तळाच्या ट्रेमध्ये एका वेळी एकच शीट घ्या.

ही फिल्म लाल रंग पाहत नाही, आणि गोव्यात ते फार जाणवतं. चिऱ्याची भिंत, लाल माती, कपाळावरचं कुंकू काळं येतं. निळं आकाश पांढरं. चुन्याने रंगवलेली चर्च आणि देवळं झळाळून उठतात. जुन्या फोटोंतला गोवा आपल्याला जसा आठवतो, तो असाच, कारण त्या वेळच्या प्लेटही लाल रंगाला आंधळ्या होत्या. मला या कॅमेऱ्यावर हीच फिल्म सर्वांत शोभून दिसते.

नळाचं पाणीच इथे २८ अंश असतं. डेव्हलपिंग कसं करायचं?

डेव्हलपिंगच्या वेळेचे तक्ते २० अंशांसाठी असतात. २० ला दहा मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण सात. त्याहून गरम पाण्यात वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो आणि डेव्हलपिंग डागाळतं. म्हणून डेव्हलपरची ट्रे बर्फ टाकलेल्या मोठ्या परातीत ठेवा आणि २४ अंशांवर काम करा, २० चा हट्ट नको. डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी गरम, असंही होऊ देऊ नका, जिलेटिनला सुरकुत्या पडतात. सगळी पाणी एकाच तापमानाला हवीत. सुकवताना पंखा लावू नये, धूळ बसते.

वापरलेला हायपो (डेव्हलपिंगनंतर चित्र पक्कं करायचं द्रावण) कुठे ओतायचा?

विहिरीजवळ नाही, सेप्टिक टँकमध्ये नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपतं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, आत स्टील वूल टाकून ठेवा. चांदी गाळ होऊन खाली बसते. हा गाळ चांदी काढणाऱ्याला देता येतो.

जुना ट्रायपॉड नाही. आजचा बसेल?

तळाला पितळी आटे असतील तर बहुधा पाव किंवा तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं इंग्रजी माप) आहेत, आणि आजचे ट्रायपॉडचे पेच त्यात बसतात. तळाला मोठी गोल पितळी चकती असेल तर तिच्या भोकांत अडकणारी लाकडी थाळी करून तिच्या मधोमध नट बसवा. पितळेचं काही तुटलं असेल तर ते शेटकडे (सोनाराकडे) न्या. दागिन्याला झाळ देणारा हात असल्या बारीक कामाला वेल्डिंगवाल्यापेक्षा कितीतरी चांगला.

एवढा खटाटोप कशासाठी? मोबाइलने फोटो येतोच की.

मंगेशीचा दीपस्तंभ घ्या. सात मजले. खालून मोबाइल वर केला की स्तंभ वर निमुळता होऊन मागे कलल्यासारखा दिसतो. लाकडी कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त भिंगाची फळी वर सरकवायची. दुधी काचेवर स्तंभ उभाच्या उभा आत येतो, एकही रेघ कलत नाही. पणजीच्या चर्चच्या जिन्यांसमोर, फोंताइन्यासच्या अरुंद गल्लीत, वाड्याच्या चौकात हीच फळी कामाला येते. शिवाय हा कॅमेरा माणसाला थांबवतो. समोर बसलेली आजी आणि काळ्या कापडाखालचा नातू, दोघांनाही सेकंदभर स्थिर राहावं लागतं, आणि त्या सेकंदात चेहऱ्यावर जे येतं ते झटपट फोटोत येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या वास्तूंमध्ये, म्हणजे ओल्ड गोव्याच्या चर्चमध्ये वगैरे, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी आधी घ्या.

जवळचा चेहरा घेताना भाता लांबतो आणि उजेड कमी पडतो. २१० मिलिमीटरचं भिंग फिल्मपासून ३०० मिलिमीटरवर गेलं तर वेळ दुप्पट करा.

पावसाळ्यात कुठे ठेवू?

प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कधीच नाही. आत अडकलेली ओल बुरशी वाढवते. लाकडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून दूर, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि सिलिका जेल. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर लाकूड, चामडं आणि भिंग तिन्ही सुखी. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरायचे. भिंग वेगळं काढून हवाबंद डब्यात जेलसोबत ठेवा. भाता अर्धवट ताणलेला असावा. महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, कॅमेरा उघडून वाऱ्यावर ठेवा. थेट उन्हात मात्र नको, आणि एसीच्या झोतासमोरही नको. दोन्हीकडे लाकूड एकदम सुकून तडकतं.

डिजिटल करता येईल?

येईल. वर सांगितलेल्या नव्या पाठीवर डिजिटल कॅमेरा बसवणारी फळी लावता येते, पण भिंगाच्या मोठ्या चित्राचा लहानसा तुकडाच त्यात सापडतो. निगेटिव्ह काढून ती लाइट पॅडवर ठेवून मोबाइलने उतरवणं मला जास्त पटतं.

दुरुस्त केलेला कॅमेरा लिस्बनला किंवा लंडनला राहणाऱ्या भावाला पाठवता येईल का?

वय पाहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. कॅमेरा शंभरीच्या आसपास असेल तर पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. तुमच्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही असं तिथून लेखी मिळालं तर ते पत्र पार्सलसोबत जोडा. बनवून घेतलेली नवी पाठ आणि मूळ पाठ या दोन्ही कॅमेऱ्याबरोबरच राहू द्या, मग तो भावाकडे जावो की इथेच पुढच्या पिढीकडे.